कोरडं दूध

मास्तरांनी माझ्या ओंजळीत चमचाभर पांढरी पावडर टाकली. वरून, हात लागणार नाही अशी. म्हणाले, "खा. दूधच आहे ते."

अकोल्याची शाळा. इंग्रज नुकताच गेला होता आणि परदेशातून आमच्यासाठी दूध आलं होतं. मोठाल्या डब्यांतून, पोरांच्या अंगात ताकद यावी म्हणून. बाकीच्या पोरांना ते बादलीत पाणी घालून, कालवून पेल्याने मिळायचं. आम्हा महारवाड्यातल्या सात-आठ पोरांना कोरडं. का, तर कोरड्याला विटाळ नसतो, पाणी लागलं की होतो. सातासमुद्रापलीकडून आलेलं, कुणा गोऱ्याने डब्यात भरलेलं दूध चालतं. आमचा हात चालत नाही. वा रे धर्म!

पावडर टाळूला चिकटायची. आमची तोंडं वाकडी व्हायची आणि वर्ग हसायचा. त्यांच्याबरोबर मीही हसायची. त्याची लाज मला आजही वाटते.

एक दिवस दूधवाटप बघायला गोरी मडम आली. आमच्याकडे बोट दाखवून तिने काहीतरी विचारलं. मास्तर तिच्याशी इंग्रजीत बोलले, मग आमच्याकडे वळले. "तुम्हाला असंच आवडतं. हो ना रे?"

सगळ्यांनी माना हलवल्या. मीसुद्धा.

तेवढ्यात माझ्या धाकट्या बहिणीला, गंगूला ठसका लागला. सहा वर्षांचं पोर. श्वास कोंडला, डोळे फिरले. "ताई, पानी..." कुणी जागचं हललं नाही. मी बादलीपाशी गेले, कुणाचा तरी पेला उचलला, दुधात बुडवला आणि तिच्या तोंडाला लावला.

मडमेची मोटार फाटकाबाहेर पडली तशी मास्तरांनी अख्खी बादली मोरीत ओतली. "हिच्यामुळे आज कुणाला दूध नाही," ते वर्गाला म्हणाले. सगळी पोरं माझ्याकडे बघत होती.

घरी माय घाबरून गेली. "कावून शिवली तू? उद्या मास्तराच्या पाया पड. शाळेतून काढलं तं काय करशीन?"

"गंगू मरून राह्यली होती, माय. मी नाई पडत पाया."

दुसऱ्या दिवशी घरून पितळी पेला घेतला आणि बादलीच्या रांगेत जाऊन उभी राहिले. गंगूला पुढे घेतलं. मास्तर ओरडले, "मागे हो!"

मी हलले नाही. ओतायची तर ओता बादली. पण मग रोज ओतावी लागेल. मी रोज येणार आहे.