प्रत्येक शब्द

हसनमियां मुकादम गेल्याचे मला न्यायालयाच्या फाटकाशी कळले, तेही तीन दिवसांनी. बदामाच्या झाडाखाली त्यांचे मेज नव्हते. शेजारी बसणारे टंकलेखक यंत्रावरची बोटे न थांबवता म्हणाले, "तुमाला नाय कळलं काय वो? मुकादम गेले. खेडला लेकीकडे होते. मातीसुद्धा तिथंच झाली." मला कळवावे असे कोणाला वाटले नाही, यात कोणाचा दोष नाही. आम्हा दोघांत दोन वर्षे संभाषण उरले नव्हते, आणि त्याला कारण मी होतो.

त्यांची माझी ओळख अठ्ठ्याण्णव सालची. शाळेत संस्कृत शिकवून मी निवृत्त झालो होतो आणि माझ्या निवृत्तिवेतनाचे कागद कुठेतरी अडले होते. हसनमियां अर्जनवीस. दाभोळकडचे, महाविद्यालयाचे दुसरे वर्ष वडिलांच्या मृत्यूमुळे अर्धवट सोडलेले, आणि तेव्हापासून त्या झाडाखाली बसून लोकांचे अर्ज, तक्रारी, आखाती कंपन्यांना जाणारी इंग्रजी पत्रे लिहिणारे. त्यांनी माझा अर्ज "अत्यंत नम्रतापूर्वक विनंती की" असा आरंभला, तेव्हा मी हरकत घेतली. अधिकाराची गोष्ट मागताना याचना कशासाठी? त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. "शास्त्रीबुवा, वाकतो तो कागद. तुमी नाय." काम महिन्याभरात झाले. त्यानंतर कामाशिवायही मी तिथे जाऊन बसू लागलो. दुपारी न्यायालय उठले की ते नमाजाला जात, मी माझे स्तोत्र मनात पुरे करी, आणि मग आम्ही शब्दांविषयी बोलत. ‘मसुदा’ त्यांच्या बाजूने आलेला, ‘प्रतिज्ञा’ माझ्या बाजूने… एकाच कागदावर दोन्ही कसे गुण्यागोविंदाने नांदतात याचे त्यांना मोठे कौतुक होते.

दोन हजार पाच साली त्यांची कन्या नसीम, जी खेडच्या शाळेत शिक्षिका होती, तिने त्यांचे नाव एका परदेशी महाविद्यालयाच्या इंग्रजी लेखनाच्या अभ्यासक्रमात घातले. सगळे शिक्षण कॉम्प्युटरवर, ऑनलाइन. साठीला टेकलेल्या माणसाने हे कशाला करावे, असे मी विचारले. त्यांनी हातातली लेखणी खाली ठेवली. मग म्हणाले, "जन्मभर लिवलं ते दुसऱ्याच्या सहीखाली. माझ्या अर्जावर पोरं नोकरीला लागली, बायांना नवऱ्यांचे पैसे आले. पण खाली माझं नाव कुठंच नाय. एकदा लिवून बघतो स्वतःच्या नावाखाली. उत्तीर्ण झालो तर पुढची पदवीपण तिथंच." थट्टा करण्याची माझी इच्छा तिथेच मावळली.

सायंकाळी चार वाजता बसस्थानकाजवळच्या सायबर कॅफेत ते जात. मीही जाई, त्यांच्या शेजारच्या स्टुलावर बसे. पहिला निबंध स्वतःविषयी होता. हसनमियांनी लिहिले, ‘अर्जदार हा वय वर्षे एकोणसाठ, धंदा अर्जनवीस, राहणार रत्नागिरी…’ तिकडच्या प्राध्यापिकाबाईंनी उलट विचारले की, हा अर्जदार कोण? हसनमियां पोट धरून हसले. "म्हटलं, बाईसाहेब, मीच तो गरीब." त्या त्यांना नुसते हसन म्हणत. "आई गेल्यापासून कोण हसन म्हणालं नव्हतं," असे ते एकदा पडद्याकडे पाहत म्हणाले.

शेवटचा निबंध मोठा होता. त्यावरच सगळे अवलंबून होते. त्यांनी दाभोळच्या एका बाईविषयी लिहिले. तिचा नवरा आगबोटीवर खलाशी होता, तो परतला नाही. ती दर वर्षी हसनमियांकडे येई आणि कंपनीच्या नावे तोच अर्ज पुन्हा लिहवून घेई. नवा मजकूर ती घालू देत नसे, कारण शब्द बदलले तर कंपनीला वाटेल की ही बाई दुसरी. हसनमियांनी त्या अर्जातील वाक्ये जशीच्या तशी निबंधात गुंफली होती. शेवट मात्र त्यांना सुचेना. तीन दिवस अडले. मी सहज म्हणालो, "वाट पाहण्याला तिथी नसते, असे लिहा." त्यांनी माझा हात दाबला आणि ते वाक्य इंग्रजीत उतरवले.

उत्तर आले ते आठवडाभराने. बाईंनी लिहिले होते की, निबंधातील अनेक वाक्ये इंटरनेटवरच्या इतरांच्या अर्जांत शब्दशः आढळतात, त्यामुळे हे लेखन उसने असल्याचा संशय येतो. फक्त शेवटच्या वाक्यात लेखकाचा स्वतःचा आवाज ऐकू येतो. आपले लेखन जवळून पाहिलेल्या एखाद्या प्रतिष्ठित व्यक्तीचे लेखी प्रमाण आठवड्याच्या आत पाठवावे, अन्यथा शून्य गुण.

हसनमियांनी ते मला दोनदा वाचून दाखवले. ज्या वाक्यांवर त्यांनी चाळीस वर्षे पोट भरले, ती चोरीची ठरली. आणि जे एकच वाक्य त्यांचे नव्हते, ते त्यांचे ठरले. "मी कुणाकडून चोरली वो, शास्त्रीबुवा? अर्जाची भाषा काय कुणाच्या बापाची असते?" वेदांना कर्ता नसतो हे आयुष्यभर शिकवणाऱ्या मला त्या प्रश्नाचे उत्तर ठाऊक होते. ते त्या परक्या बाईंना लिहून कळवावे, एवढेच माझे काम होते.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या ओटीवर आले. प्रमाणपत्राचा मसुदा त्यांनीच टंकून आणला होता, एक प्रत इंग्रजी, एक मराठी. "वाचल्याबिगर सही करू नये, म्हणून मराठी," असे म्हणून त्यांनी कागद पुढे केले. ‘मी खाली सही करणार असे प्रतिज्ञापूर्वक लिहून देतो की, सदर निबंधातील प्रत्येक शब्द श्री. हसन मुकादम यांचा स्वतःचा आहे.’ त्याखाली सहीची रेघ, माझे नाव आणि दिनांकाची मोकळी जागा.

मी ‘प्रत्येक’ या शब्दापाशी थांबलो.

"हसनमियां, एक वाक्य माझे आहे. मी असत्य कसे लिहून देऊ?"

आधी त्यांना ती थट्टा वाटली. मग त्यांच्या चेहऱ्यावरचे हसू हळूहळू उतरले. "अहो, तुमी दिलात ना ते? दिलेलं परत तुमचंच ऱ्हातं?"

दान म्हणजे वस्तूवरील आपले स्वामित्व सोडून दुसऱ्याचे निर्माण करणे, ही व्याख्या मी वर्षानुवर्षे मुलांकडून घोकून घेतली होती. त्या क्षणी ती मला आठवली नाही. आठवले ते सत्यव्रत, आणि त्याचा अभिमान. मी कागद त्यांच्याकडे सरकवला. त्यांनी तो घेतला नाही. "ऱ्हाऊ दे तुमच्याकडे. अजून सहा दिवस हायत."

ते सहा दिवस मी संध्या केली, पूजा केली, पोथी वाचली. न्यायालयाकडे मात्र फिरकलो नाही. सातव्या दिवशी शून्य गुण नोंदले गेले. पुढे रस्त्यात भेट झाली तेव्हा हसनमियांनी मला शास्त्रीबुवा म्हटले नाही. किंचित वाकून म्हणाले, "नमस्कार, साहेब." कचेरीतल्या अधिकाऱ्यापुढे उभे राहावे तसे ते उभे होते. त्यानंतर प्रत्येक वेळी तेच. माझ्यापुढे आता कागद नव्हे, ते स्वतः वाकत होते… आणि ती शिक्षा मी दोन वर्षे मुकाट्याने घेतली. चार पावले चालून त्यांच्या मेजापाशी बसणे मला जमले नाही. त्यालाही मी मौन असे थोर नाव दिले होते.

समाचाराला मी खेडला गेलो. नसीमने पाणी दिले, खुर्ची दिली. मी क्षमेचे काहीतरी बोलू लागलो, तशी तिने मान हलवली. "अब्बा तुमच्याविषयी वाईट कधी बोलले नाहीत, गुरुजी. एवढंच म्हणायचे की, मसुदा माझाच चुकला. ‘प्रत्येक’ घालायला नको होतं. ‘एक वाक्य वगळून’ म्हटलं असतं तर शास्त्रीबुवांना सही करता आली असती. चाळीस वर्षांत तो एकच मसुदा चुकला, म्हणायचे." ती पाणी आणायला पुन्हा आत गेली. माझा पेला भरलेलाच होता.

तीन शब्द. शब्दशास्त्रात आयुष्य घालवलेल्या मला ते सहा दिवसांत सुचले नाहीत, कारण मी ते शोधलेच नव्हते. बाईंनी वाखाणलेले ते एकच वाक्य मला सोडवत नव्हते; मला सही टाळायची होती, आणि सत्य हाताशी होते.

तो मराठी कागद माझ्या पोथीच्या रुमालात आहे. टंकाची शाई अजून काळीभोर आहे. काल पूजा झाल्यावर मी तो काढला. ‘निबंधातील’ या शब्दानंतर काकपद, म्हणजे शब्द राहून गेल्याची खूण, करून वर लिहिले, ‘एक वाक्य वगळून’. कागदावर दुरुस्ती केली की समासात आद्याक्षरे घालावीत, हे हसनमियांनीच मला शिकवले होते, ती घातली. मग रेघेवर सही केली. खाली दिनांकाची जागा आहे. त्यांनी ती माझ्यासाठी मोकळी सोडली होती. तेव्हाचा दिनांक असत्य ठरला असता, आजचा निरुपयोगी; मी लेखणी उचलली, आणि कागद तसाच घडी करून रुमालात ठेवला.