काटेबाईचा कॉम्प्युटर

खडीच्या यार्डाच्या फाटकाशी एक वजनकाटा होता आणि त्या काट्याच्या खिडकीत एक बाई बसायची. ट्रक रिकामा आला की एकदा तोलायचा, भरून निघाला की पुन्हा तोलायचा आणि मधला फरक पावतीवर छापून द्यायचा. बावीस वर्षं तिने हेच केलं. ड्रायव्हर तिला काटेबाई म्हणायचे. काट्यावर बसता म्हणून, असं तोंडावर सांगायचे. खरं कारण तिलाही ठाऊक होतं. एक चाक हळूच काट्याबाहेर ठेवून वजन चोरणारा ट्रक तिने कधी सोडला नव्हता, आणि पकडला की त्या ड्रायव्हरच्या सात पिढ्या ती खिडकीतूनच उद्धरायची.

ही बाई जेवणाच्या सुट्टीत गेम खेळायची. ऑफिसातल्या जुनाट कॉम्प्युटरवर, एका हातात घास आणि दुसऱ्यात माऊस. गोळीबाराचा गेम, पाच जणांची तुकडी विरुद्ध पाच जणांची. नेम तिचा पक्का होता, पण कॉम्प्युटर इतका रखडायचा की शत्रू दारात दिसेपर्यंत तो हिला मारून पुढच्या खोलीत पोचलेला असायचा. एके दिवशी तुकडीतल्या एकाने माइकवर विचारलं, "कोळशावर चालतं का रे तुझं मशीन?" तिने दोन शिव्या हासडल्या. तिचा आवाज ऐकून दुसरा म्हणाला, "अरे, ही कुणाची तरी आई आहे! जा मावशी, भांडी घासा." आणि तिला तुकडीतून काढून टाकलं.

काटेबाईने डब्याचं झाकण लावलं, एक कोरी वजनपावती उलटी केली आणि वर लिहिलं, सत्तर हजार. ओव्हरटाइमचे साठवलेले तेवढेच होते. त्याच्यावर एक पैसा जाणार नव्हता.

नव्या कॉम्प्युटरच्या सुट्या भागांची पहिली यादी अठ्ठ्याण्णव हजारांवर गेली. तिने ती फाडली. मग दोन महिने ती प्रत्येक भागाबद्दल वाचत बसली. कौतुक वाचायची नाही, फक्त तक्रारी वाचायची. जे लोक चिडून लिहितात ते खरं लिहितात, असा तिचा अनुभव होता. यादीतून सगळ्यात आधी गेला तो सगळे भाग बसवायचा रंगीत दिव्यांचा काचेचा डबा. "आत मासे पाळायचेत का मला?" ती स्वतःशीच म्हणाली. प्रोसेसर मागच्या वर्षीचा घ्यायचा ठरला. त्याच्यासोबत पंखा फुकट मिळतो, म्हणून वेगळा पंखा गेला. साठवणीची डिस्क अर्ध्यावर आली. वाचलेलं सगळं तिने ग्राफिक्स कार्डावर टाकलं, कारण गेममधलं चित्र तेच उभं करतं. तिथेही ती हावरटपणा करणार नव्हती. मॉनिटरचा पडदा साधा घ्यायचा आणि कार्ड अवाढव्य, म्हणजे बोळात चालवायला सोळा चाकी ट्रक. एका गोष्टीला मात्र तिने कात्री लावली नाही, ती म्हणजे सगळ्यांना वीज पुरवणारा पॉवर सप्लाय. स्वस्तातला घेतला आणि तो जळला तर बाकीच्यांना घेऊन जळतो, हे तिने पन्नास जणांच्या शिव्यांत वाचलं होतं. बारावी यादी सत्तर हजारांत बसली.

"माझ्या भावाचं दुकान खाली असताना तू बाहेर का विचारत फिरतेस?" नवरा म्हणाला. तो पोस्टात होता, स्वभावाने नरम. "मी त्याला शब्द दिलाय."

"मला न विचारता?"

"तो घरचा माणूस आहे."

"म्हणूनच बाहेर विचारते."

धाकट्या दिराचं कॉम्प्युटरचं दुकान त्यांच्याच इमारतीत तळमजल्यावर होतं. वहिनी आणि दीर यांच्यात पहिल्या वर्षापासून विस्तव जात नव्हता. नवऱ्याचं तोंड पडलेलं बघून ती एकदाची खाली गेली आणि यादी काउंटरवर ठेवली.

दिराने ती गिऱ्हाइकांसमोर मोठ्याने वाचली आणि हसला. "वहिनी, हे कुणासाठी? तुमच्यासाठी? या वयात लोक गुडघ्याचं तेल शोधतात!"

"भाऊजी, आकडे वाचता येत नसतील तर मी वाचून दाखवते."

"येतात हो. सगळं देतो, घरच्या भावात. पैसे मात्र आधी."

तिने पैसे मोजून दिले. हा एकच मूर्खपणा तिने दोन महिन्यांत केला.

आठवड्याने खोकी वर आली. तिने जेवणाच्या टेबलावर एकेक उघडलं. पॉवर सप्लाय हातात घेतला तर तो भलताच हलका वाटला. कंपनीने वजन लिहिलं होतं पावणेदोन किलो. तिने स्वयंपाकघरातला तराजू आणला. नऊशे ग्रॅम. डब्यावरचं लेबल नखाने उचललं, तर खाली दुसऱ्याच कुठल्या तरी नावाचं लेबल. मग तिने कार्ड बघितलं. स्क्रूंच्या डोक्यांवर पेचकसाचे ओरखडे, जाळीत काळी धूळ, कडेला तेलकट डाग. खोक्यावरचा नंबर एक, कार्डावरचा वेगळा. कुणीतरी वर्ष-दोन वर्षं राबवून टाकलेलं कार्ड नवं म्हणून तिच्या गळ्यात मारलं होतं.

ती खोकी घेऊन खाली गेली.

"सील तुम्ही फोडलंत," दीर म्हणाला. "फोडलेला माल परत घेत नाही. पाटी लावलीय."

"सील न फोडता आतला माल बघायचा कसा?"

"आणि धूळ तुमच्या घरातली असेल. साफसफाई करत नाही वाटतं हल्ली, गेममुळे."

"चोराच्या उलट्या बोंबा! नऊशे ग्रॅमचा डबा पावणेदोन किलोचा म्हणून विकता आणि वर तोंड करून बोलता?"

"वजनावर विकायला ही भाजी आहे का?" सगळं दुकान हसलं.

नवरा वर होता. ऐकून म्हणाला, "जाऊ दे ना. चालतंय तोवर चालू दे."

"तुम्ही चालताय तसं?" ती म्हणाली. तो त्या दिवशी जेवला नाही. तिने आग्रहही केला नाही.

दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर काटेबाई तराजू घेऊन दुकानात गेली आणि काउंटरच्या कडेला स्टूल ओढून बसली. कुणी पॉवर सप्लाय मागितला की ती म्हणायची, "द्या इकडे, तोलून देते. फुकट." तोलायची, कंपनीचा आकडा फोनवर दाखवायची आणि गप्प बसायची. कुणी कार्ड मागितलं की म्हणायची, "खोक्यावरचा नंबर आणि कार्डावरचा नंबर जुळवून घ्या, बाकी मी काही बोलत नाही." दीर ओरडला, त्याने धमकावलं, दिवे बंद केले. ती अंधारात बसून राहिली. पहिल्या दिवशी दोन गिऱ्हाइकं परत गेली. दुसऱ्या दिवशी पाच. तिसऱ्या दिवशी एक जण मागच्या महिन्यात नेलेला डबा घेऊन मुद्दाम तोलायला आला, आणि मग दिराने जिन्यात जाऊन वर हाक मारली, "दादा! तुझ्या बायकोला उचल इथून!"

नवरा अर्ध्या जिन्यापर्यंत आला. त्याने आत वाकून बघितलं. "माझी टाप नाही," तो म्हणाला. "तुझी असेल तर बघ."

दिराने सगळा माल परत घेतला, गल्ला उघडला आणि नोटा काउंटरवर फेकल्या. काही खाली पडल्या. काटेबाईने एकेक उचलली, दोनदा मोजल्या आणि ती म्हणाली, "दोनशे कमी आहेत." त्याने तेही फेकले.

"माझ्या दारात पुन्हा पाय ठेवू नका."

"माझ्या मनावर असतं तर पहिल्यांदाही ठेवला नसता."

मग तिने चार वेगवेगळ्या ठिकाणांहून भाग गोळा केले. प्रत्येक दुकानदाराशी भांडली, प्रत्येकाला खोकं समोर फोडायला लावलं. कार्डाच्या किमती तेवढ्यात चढल्या होत्या, म्हणून तेरावी यादी झाली: पडदा नवा न घेता कचेरी बंद करणाऱ्या एकाकडून वापरलेला घेतला, पाऊण तास चालवून, कोपऱ्यातला एक न उजळणारा, मेलेला ठिपका दाखवून भाव पाडून.

सुट्टीच्या दिवशी सकाळी तिने जेवणाच्या टेबलावर जोडणी सुरू केली. नवरा ताट घेऊन स्वयंपाकघरात उभ्यानेच जेवला. दुपारी तिने बटण दाबलं. पंखे फिरले, पडदा काळाच राहिला. पुन्हा दाबलं. तेच. खाली बातमी कशी पोचली कोण जाणे, दीर जिना चढून दारात येऊन उभा राहिला.

"नाचता येईना अंगण वाकडं! सांगा, मी बघू का? घरी येण्याचे वेगळे पडतील."

तिने उठून दार त्याच्या तोंडावर लावलं. सत्तर हजार जळाले असतील तर? त्या हसणाऱ्या तोंडाला आयुष्यभराची शिदोरी मिळाली असती. तिने मदरबोर्डाची पुस्तिका पहिल्या पानापासून उघडली आणि एकेक वायर काढून, बघून, पुन्हा लावायला घेतली. तीन तासांनी बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात सापडलं: प्रोसेसरला वीज देणारी वायर अर्धीच बसली होती. तिने अंगठ्याने दाबली. कट्ट आवाज झाला. बटण दाबलं आणि पडदा उजळला.

ती हसली नाही की कुणाला हाक मारली नाही. खुर्ची पुढे ओढली. त्या संध्याकाळी तिने एकोणीस जण मारले आणि प्रत्येकाला काही ना काही बोलली. महिन्याभरात तिची स्वतःची तुकडी झाली. त्यातले चौघं तिच्या शिव्या खात आणि जिंकत.

भाऊ-भाऊ त्यानंतर एकमेकांशी बोलले नाहीत. नवरा म्हणे, तुझ्यामुळे. ती म्हणे, माझ्यामुळे निदान कळलं तरी. यावर दोघांचं अजूनही एकमत नाही.

एक नवीन गोष्ट मात्र सुरू झाली. लोक याद्या घेऊन वर यायला लागले. शिंपी आला, शाळेतली बाई आली, वरच्या मजल्यावरचा प्लंबर आला. काटेबाई त्यांना बसा म्हणायची नाही. लाल पेन घेऊन खोडायची. "हा डबा कशाला, मिरवणूक काढायचीय? हे कार्ड या प्रोसेसरबरोबर? बैलगाडीला विमानाचं इंजिन? कुणी लिहून दिलं तुम्हाला, शत्रूने?" लोक शिव्या खाऊन, पैसे वाचवून जायचे आणि पुढच्याला पाठवायचे.

असाच एकदा एक गृहस्थ आला. यादी दिराच्या अक्षरात होती. काटेबाईने ती ओळखली आणि तिच्या अंगात उत्साह संचारला. पेनाचं टोपण काढून ती वाचायला लागली. पॉवर सप्लाय चांगला, त्याचं वजनसुद्धा लिहिलेलं. रॅमच्या दोन पट्ट्या, जोडीने वेगात चालतात तशा. कार्डाचा नंबर आधीच नोंदवलेला. भाव रास्त. तिने दुसऱ्यांदा वाचलं, मग तिसऱ्यांदा, उन्हाकडे धरून.

"काय झालं? गडबड आहे का काही?" गृहस्थाने घाबरत विचारलं.

"नाही," ती खेकसली आणि कागद त्याच्याकडे ढकलला. "घ्या जाऊन. आणि दार लावून घ्या."