अक्कल मोजणारे मास्तर

भैयाजी बोरकर नागपूरहून मानसशास्त्र शिकून आले आणि चांद्याला नव्या शिक्षकांना ते शिकवू लागले. मुलांची बुद्धी मोजायच्या चित्रांची पेटी सदा त्यांच्या बगलेत असायची. लोक 'अक्कल मोजणारे मास्तर' म्हणून चिडवत, तर यांची छाती उलट फुगे. मार खाणाऱ्या 'ढ' पोरांना आपण शास्त्राने छडीतून सोडवू, अशी त्यांची खात्री होती. माणूस भला होता हो, तेच वाईट झालं.

चोपन्न साली ते सिंदेवाहीकडच्या एका तळ्याकाठच्या शाळेत गेले. शहरी चित्रं मासे धरणाऱ्या ढिवरांच्या पोरांना कळायची नाहीत, म्हणून मुद्दाम माशांची चित्रं काढून नेली. सात वर्षांची मंगली समोर बसली.

"सगळ्यात मोठ्या माशाकडे बोट दाखव."

मंगलीने दोन्ही मुठी आवळल्या. दहाही चित्रांना तेच. भैयाजींनी जड मनाने 'मंदबुद्धी' लिहिलं, खाली 'वेगळं शिकवावं' असंही लिहिलं. गावाने वरचा शब्द तेवढा वाचला. शाळेने तिचं नाव कापलं.

तीन वर्षांनी ते पुन्हा त्या गावी आले. तळ्याच्या पाळीवर एक बाई मासे विकत होती. भैयाजींनी टोपलीतल्या एका माशाकडे बोट केलं, तसा तिने त्यांचा हात खाली दाबला.

"बोट नोका दाखवू भाऊ! मासोळी तळं सोडून जाते. आमच्यातलं लहान लेकरूबी दाखवत नाई."

भैयाजींना त्या आवळलेल्या मुठी आठवल्या. "बाई, मंगली कोणाची?"

"माहीच. तुमीच तं लिवून देल्लं, तिले अक्कल नाई म्हनून. आता काऊन पुसून राह्यले?"

मंगली मागेच मासे निवडत होती. भैयाजी चिखलात बसले, पेटी उघडली, तिच्या हातात एक खडा दिला. "बोट नको बेटा. सगळ्यात मोठ्या माशावर हा खडा ठेव."

तिची नजर नेमकी मोठ्या माशावर थांबली. भैयाजींनी ते पाहिलं, त्यांचे डोळे भरून आले. तिचा हात उचलला गेला, पण अर्ध्यातूनच मागे आला.

"मले नाई जमत, मास्तर. मले अक्कल नाई."

खडा परत देऊन ती कामाला लागली. मोठे मासे एका टोपलीत, लहान दुसरीत.