जिथे सुई अडकायची

विलायतेतल्या त्या चार पोरांना त्यांच्या स्वतःच्या देशात आज कोणी ओळखत असेल की नाही, याची मला शंका आहे. पण आलापल्लीहून सिरोंच्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सागाच्या जंगलात, त्यांचं गाणं वाजलं की माणसं ताटावरून उठत असत, आणि हे सगळं कर्तृत्व एकट्या आमच्या टाकीजवाल्या भाऊंचं होतं. पाश्चात्त्य संगीताच्या प्रसारासाठी मोठ्या शहरांत मंडळं असतात. मंडळांना अध्यक्ष असतात आणि अध्यक्षांना शाली मिळतात. भाऊंकडे एक तंबू होता, एक जीप होती आणि एकच विलायती रेकॉर्ड होती. एवढ्यावर त्यांनी जे केलं, ते कोणत्याही मंडळाला जमलेलं माझ्या पाहण्यात नाही.

भाऊ मूळचे वरोऱ्याचे. दिवाळी आटोपली की त्यांची टुरिंग टाकीज निघे आणि गावोगाव तंबू ठोकत, पावसाने रस्ते बंद होईपर्यंत जंगलात फिरे. ऐंशीच्या दशकातली ती सुरुवातीची वर्षं. त्या रस्त्यावरच्या एका गावात मी नुकताच शाळामास्तर म्हणून रुजू झालो होतो. सोबत पुस्तकांची एक ट्रंक होती आणि मनात बदलीशिवाय दुसरा विचार नव्हता. एका संध्याकाळी खाटेवर बसून स्वतःची कीव करत असताना झाडीतून भोंग्यावर चक्क इंग्रजी गाणं ऐकू आलं. गिटारी, ढोल, आणि चार जण एकदम ओरडत होते. साठीच्या दशकात तिकडे गिटारी घेतलेल्या पोरांच्या अशा टोळ्या गल्लोगल्ली निघाल्या होत्या. त्यांतल्या बऱ्याच जणांचं एकच गाणं तुफान चाललं आणि मग त्यांचं नावही कोणी घेतलं नाही, हे मी कुठेतरी वाचलेलं होतं. ती टोळी इथे कशी पोचली हे बघायला मी आवाजाच्या दिशेने निघालो, तर सारं गाव माझ्याबरोबर निघालेलं. बायका पदराला हात पुसत होत्या, म्हातारे काठ्या शोधत होते. तंबूच्या दाराशी पांढरी पँट, पांढरा शर्ट आणि त्या लाल धुळीत पांढरेच बूट घातलेले एक गृहस्थ प्रत्येकाला हात जोडत उभे होते. मला पाहून म्हणाले, "नवे गुरुजी ना जी तुमी? या. तुमच्यासाठी खुर्ची ठेवली हाये." मी येईन हे त्यांनी कसं धरलं होतं, असं मी विचारलं. "गाणं लावलं होतं ना," भाऊ म्हणाले.

गाण्याचा नियम असा होता. दिवस कलला की भोंग्यावर हिंदी गाणी सुरू होत. ती नुसती वातावरणासाठी असत आणि त्यांच्याकडे कोणी लक्ष देत नसे. मग ते इंग्रजी गाणं लागे. पहिल्यांदा लागलं की जेवण आटपायचं, दुसऱ्यांदा लागलं की तंबूत असायचं, आणि ते संपलं की दिवे जात आणि सिनेमा सुरू होई. पंचक्रोशीत घड्याळं थोडी होती आणि जी होती तीही आपापल्या मताने चालत, पण या गाण्याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. ते लागल्यावर सिनेमा थांबला असं कधी घडलं नाही. एकदा पंचायत समितीचे सभापती यायचे होते. त्यांची जीप मागे राहिली. कार्यकर्त्यांनी भाऊंना जरा थांबायला सांगितलं. भाऊ अतिशय नम्रपणे म्हणाले, "लावलं नसतं तं रातभर थांबलो असतो जी. लावल्यावर माह्या हाती नाई." सभापती आले ते अंधारात, बसलेल्यांच्या पायांवर पाय देत. शिव्या त्यांना सर्वसामान्य नागरिकाच्याच मिळाल्या. मी बरीच उद्घाटनं पाहिली आहेत, पण लोकशाही इतकी नीट चाललेली पुन्हा दिसली नाही.

ती रेकॉर्ड भाऊंकडे बल्लारपूरकडच्या एका कोळसा खाणीच्या साहेबाकडून आली होती. साहेब देश सोडून गेला तेव्हा त्याचा प्लेअर भाऊंनी घेतला आणि त्यावर ही तबकडी बसलेलीच होती. वेष्टनावर चौघांचा फोटो होता. सारख्याच कोटांतले आणि कपाळावर सारखेच केस आलेले ते चौघे एका आईची पोरं आहेत, अशी भाऊंची खात्री होती. ढोलवाला थोरला, आणि कोपऱ्यातला हडकुळा धाकटा. धाकट्याच्या तब्येतीची भाऊंना काळजी वाटे. त्यांची आई त्यांना न्हाव्याकडे का पाठवत नाही, हेही ते मला अधूनमधून विचारत. मी इंग्रजी शिकवत असल्याने या कुटुंबाशी माझी ओळख असेल असा त्यांचा समज होता. एकदा त्यांनी गाण्याचा अर्थ विचारला. मी कान देऊन ऐकलं आणि सांगितलं की एक मुलगा एका मुलीला म्हणतोय, तू रविवारी येशील का. भाऊंचा चेहरा पडला. "येवढंच?" ते म्हणाले. मग थोडा विचार करून त्यांनी मला समजावलं, "नाई गुरुजी. ते सगळ्याइले बलावून राह्यले. या म्हणते, सुरू होऊन राह्यलं." पुढे विचार करता मला त्यांचा अर्थ पटला.

रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूलाही एक गाणं होतं. एका सीझनमध्ये भाऊंच्या मनात दया उपजली. त्या पोट्ट्यांचं दुसरं गाणंही लोकांनी ऐकायला पाहिजे, असं म्हणून एका संध्याकाळी त्यांनी बाजू उलटली. सिनेमा रद्द झाला असं समजून सारं गाव हातपाय धुऊन झोपायच्या तयारीला लागलं. विलायतेतही त्या चौघांचं नेमकं असंच झालं असणार. भाऊंनी ती बाजू पुन्हा कधी लावली नाही.

आणखी एक सांगायचं म्हणजे, भाऊंनी एकही सिनेमा पाहिलेला नव्हता. खेळ सुरू झाला की ते पडद्याकडे पाठ करून तंबूच्या खांबाला टेकत आणि लोकांची तोंडं पाहत. सिनेमाची गोष्ट त्यांना तोंडांवरून माहीत असे. "हा सिनेमा चांगला हाये गुरुजी," ते सांगत, "इथी बाया पदर लावते डोयाले, मंग लय वेळ कोणी बिडी पेटवत नाई." या परीक्षणावर मी बिनधास्त विसंबत असे. पुण्यामुंबईच्या परीक्षणांनी मला पुष्कळदा फसवलं आहे, भाऊंनी कधीच नाही.

मग एका मे महिन्यात गावात व्हिडिओ आला. बिड्यांसाठी जंगलातला तेंदूपत्ता तोडायचे दिवस होते. लोकांच्या हाती चार पैसे खेळत, त्यामुळे भाऊंचा सारा सीझन या दिवसांवर उभा असे. नेमक्या त्या वेळी एका ठेकेदाराच्या भाच्याने जुन्या गोदामात टीव्ही आणून मांडला. त्याच्याकडे नव्यातला नवा सिनेमा होता, पंखा होता, आणि वाटेल तेव्हा बंद करून पुन्हा लावायची सोय होती. तंबू निम्मा रिकामा राहू लागला. एका दुपारी भाऊ शाळेच्या ओट्यावर येऊन बसले. बराच वेळ बुटांवरची धूळ झटकत राहिले. मग म्हणाले, आज तंबू भरला तर ठीक, नाहीतर उद्या खुंटे उपटतो. ऑपरेटर आणि दारावरचा म्हातारा गडी, दोघांनाही त्यांनी तसं सांगून टाकलं होतं. मी काहीतरी धीराचं बोललो. ते त्यांनी ऐकलं नाही आणि रेकॉर्ड पुसून ठेवायला निघून गेले.

रेकॉर्ड त्यांनी पुसली, जीपच्या बॉनेटवर ठेवली आणि ते चहाला गेले. आमच्याकडचा मे महिना ज्यांनी पाहिला आहे त्यांना पुढचं सांगायला नको. भाऊ परत आले तेव्हा तिचा पळसाच्या पानांचा असतो तसा द्रोण झाला होता.

संध्याकाळी हिंदी गाणी वाजली. मग भाऊंनी माइकवरून स्वतः सांगितलं, की मायबाप हो, खेळ सुरू होत आहे, या. दोनदा सांगितलं, तीनदा सांगितलं. कोणी हललं नाही. व्हिडिओकडे गेलेले गेलेच होते, पण उरलेले, ज्यांना तंबूतच यायचं होतं, तेही जेवून-खाऊन अंगणात बसून होते. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्या बाई उंबऱ्यात चपला घालून तयार होत्या. मी म्हटलं, बाई, बोलावतायत, चला. बाई म्हणाल्या, "बोलाले काय लागते? गाणं कुठी वाजलं अजून?" कबूल करायला हरकत नाही, मीही तोवर खाटेवरच होतो.

 मग भोंग्यावर खाकरल्याचा आवाज आला. आणि भाऊ गाऊ लागले.

त्या गाण्यात इंग्रजी शब्द एकही नव्हता, पण इंग्रजीचा थाट पुरता होता. सुरुवातीची गिटार त्यांनी तोंडाने वाजवली, आणि म्हाताऱ्या गड्याने रिळांच्या पत्र्याच्या पेटीवर थोरल्या भावाचा ढोल धरला. चौघांचे चार आवाज भाऊ एकटे काढत होते, त्यामुळे धाकट्याच्या वाट्याला फारसं काही येत नव्हतं. अंगणाअंगणांतून लोक एकमेकांकडे पाहू लागले. कोणी हसलं. बाईंच्या कपाळावरच्या आठ्या काही जाईनात. चाल तीच होती, पण कोणीतरी नक्कल करून आपल्याला फसवतंय असा त्यांना दाट संशय होता.

रेकॉर्डवर एक चरा होता. गाणं मध्यावर आलं की सुई तिथे अडके, तोच तुकडा पुन्हा पुन्हा म्हणे, मग भाऊ बोटाने टिचकी मारत आणि गाणं पुढे जाई. वर्षानुवर्षं सगळ्यांनी ते तसंच ऐकलं होतं. भाऊ गात गात तिथे आले आणि अडकले. तोच तुकडा म्हणाले, पुन्हा म्हणाले, पुन्हा म्हणाले. मग माइकवर टिचकी वाजली आणि गाणं पुढे गेलं.

"हाव, लागलं," बाई म्हणाल्या आणि उठल्या.

सारं गाव उठलं. गोदामातले लोक नवा सिनेमा अर्ध्यावर टाकून बाहेर आले, हे मी डोळ्यांनी पाहिलं. ते का आले हे त्यांनाही सांगता आलं नसतं. तंबू भरला, कनाती वर करून लोक बाहेर बसले. भाऊ दाराशी हात जोडून उभे होते, घामाने निथळत, बसलेल्या घशाने, "या जी, या जी" एवढंच म्हणत. उरलेला सीझन ते रोज गायले. रोज तिथेच अडकले.

पुढे दोन वर्षांनी व्हिडिओ जिंकलाच. त्याच्याविरुद्ध कोण किती दिवस गाणार? तंबूचं कापड वरोऱ्यात लग्नाच्या मांडवाला लागलं आणि भाऊ मांडववाले झाले. त्यांच्या घरी गेलो तेव्हा त्यांनी माझ्यापुढे सुपारी ठेवली, ती त्या रेकॉर्डच्या द्रोणात. जरा वेळाने हळूच विचारलं, "त्या पोट्ट्याइचं दुसरं काही आलं का जी?" नाही म्हणवेना. ऐकून सांगतो, म्हटलं. बदलीची खटपट मी केव्हाच सोडली होती आणि ती का सोडली हे त्यांना सांगायचं म्हणूनच गेलो होतो. पण समोर बसल्यावर मी फक्त सुपारी खाल्ली.

परवा नागपुरात एका संगीतप्रेमी गृहस्थांकडे जाण्याचा योग आला. मोठा दिवाणखाना, उंची यंत्र, भिंतभर रेकॉर्डी. त्यांनी बोलता बोलता एक तबकडी लावली. ही टोळी अगदी सामान्य, एका गाण्यापलीकडे यांच्यात काही नव्हतं, असं ते सांगू लागले. त्यांचं वाक्य संपायच्या आत मी दाराशी चपला शोधत होतो. यजमान गोंधळले. मीही ओशाळून परत येऊन बसलो. गाणं मध्यावर आलं तसा मी श्वास धरून थांबलो. सुई अडकली नाही. गाणं सुरळीत पुढे गेलं आणि संपलं, दिवे काही गेले नाहीत. यजमानांनी विचारलं, कसं वाटलं. छान आहे, मी म्हटलं, पण हे ते गाणं नव्हे.