येतं त्यांनी डावा

दाक्षायणीबाईंनी आयुष्यात एकदाच सूड घेतला, पण असा घेतला की आबासाहेब हेडमास्तरांचं नाक भर वर्गात कापलं गेलं. तुम्ही म्हणाल, एवढी गरीब बाई, मान वर करून कधी बोलली नाही, ती कसला सूड घेते! अहो, चार दिवस पोटात आग घेऊन जेवली होती ती बाई. ऐका तर खरं.

बाई दुधनीच्या. घरी कन्नड, बाजारात मराठी, आणि इंग्रजीवर जीव. चौऱ्याहत्तर साली सोलापुरात एका शिक्षणसंस्थेचा मोठ्या बायकांसाठी मॅट्रिकचा वर्ग चालायचा, तिथं त्या इंग्रजी शिकवायच्या. कुणी टाकलेली, कुणी विधवा, कुणाचा नवरा गिरणीच्या पाळीवर, अशा अठ्ठावीस बायका घरचं आवरून अकराला येऊन बसायच्या. बाईंची नोकरी मात्र हंगामी. एप्रिल संपला की घरी बसवायचे आणि जूनमध्ये पुन्हा नेमायचे. पाच उन्हाळे बाईंनी 'यंदा बोलावतील का?' या घोरात काढले. त्या वर्षी तपासणीचे साहेब येणार होते, आणि त्यांचा शेरा चांगला पडला तर बाई कायम होणार होत्या.

तपासणीच्या पाठासाठी बाईंनी 'विश' हे क्रियापद घेतलं. दुसरं कुणी घेतलं नसतं, कारण त्याच्या पोटात जे दुसरं वाक्य येतं तिथंच सगळ्यांची गाडी अडायची. गोष्ट आत्ताची, मग 'हॅव'चं 'हॅड' कशाला? बाईंनी पुस्तक मिटलं आणि म्हणाल्या, "तुमच्याकडे काय नाही ते सांगा."

मग काय विचारता! घर नाही, नळ नाही, नवऱ्याला अक्कल नाही. वर्गात नुसता कालवा.

"आता म्हणता कसं? घर असतं तर! 'असतं' म्हणता ना, 'आहे' नाही म्हणत. इंग्रज माणूसही तेच करतो. जे नाही ते तो एक पायरी मागे ढकलतो. आय विश आय हॅड अ हाउस. आणि जे होऊन गेलं, आता काही केल्या बदलत नाही, ते आणखी एक पायरी मागे. आय विश आय हॅड गॉन टू स्कूल."

ते वाक्य वर्गातल्या प्रत्येकीचं होतं.

पुढच्या बाकावरच्या निंगव्वानं ते दुसऱ्याच दिवशी पाठ म्हणून दाखवलं. फुलाबाईला मात्र काही केल्या जमेना. ही सांगोल्याकडच्या मेंढपाळ घरातली, चौतीस वर्षांची, एका बाळंतपणाच्या दवाखान्यात आया होती. मॅट्रिक झाली तर नर्सच्या शिक्षणाला अर्ज करता येणार होता, तेवढ्यासाठी ती इंग्रजीशी झटत होती. पोरगं तापलं तरी वर्ग चुकवायची नाही. "बाई, माजं टकुरंच दगडाचं हाय," म्हणायची आणि पुन्हा पहिल्यापासून वही उघडायची. बाईंचा तिच्यावर फार जीव होता.

तपासणीला चार दिवस राहिले आणि आबासाहेब मागच्या बाकावर येऊन बसले. सगळा पाठ ऐकला. त्यांना संस्थेच्या मोठ्या हायस्कुलात बढती हवी होती, आणि असा पाठ त्यांना सात जन्मात सुचला नसता. ते उठले आणि टेबलावरची बाईंच्या पाठाची टाचणवही उचलून म्हणाले, "हा पाठ मी घेईन."

"सर, पण माझ्या कायम होण्याचं…"

"साहेबांपुढं तुमचं हे दुधनीचं इंग्रजी नको, बाई. विशू! हॅडू! हाउसू!" त्यांनी मान हलवून अशी नक्कल केली की दोन-चार बायकाही फसकन हसल्या. "तुम्ही त्या दिवशी शिवणाच्या वर्गावर बसा. आणि यांना हातांचं तेवढं पक्कं करून ठेवा."

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. पाच वर्षांची मेहनत, स्वतःच्या डोक्यातला पाठ, आणि वर हा तमाशा! त्यांनी त्याच क्षणी मनाशी घेतलं की या माणसाला याच पाठात तोंडावर पाडायचं.

आता हे हातांचं म्हणजे काय, ते सांगतो. तपासणीला साहेब आले की प्रश्नाला सगळ्यांनी हात वर करायचा, वर्ग हुशार दिसला पाहिजे. येतं त्यांनी उजवा, येत नाही त्यांनी डावा. मास्तरानं उजवेच तेवढे उठवायचे. साहेब खूश, मास्तर खूश. तेव्हा गावोगाव शाळांतून हे चालायचं आणि कुणाला त्यात पाप वाटायचं नाही. बाईंनीही तीन दिवस इमानानं तसंच घोटून घेतलं. चौथ्या दिवशी घंटेच्या आधी त्या वर्गात आल्या आणि म्हणाल्या, "आज उलटं करायचं. येतं त्यांनी डावा, येत नाही त्यांनी उजवा. साहेबांना जुनी युक्ती कळलीय. सरांना सांगितलंय मी."

धडधडीत खोटं! फुलाबाईनं विचारलं, "म्हंजी मी उजवा करायचा? पर सरांनी मला उटवलं तर वो?"

"नाही उठवणार. मी आहे ना."

"मग झालं की," फुलाबाई म्हणाली आणि निवांत बसली.

साहेब आले. आबासाहेबांनी फळ्यावर 'आय विश' लिहिलं, खडू झटकला आणि ऐटीत विचारलं, "माझ्याकडे घर नाही. कसं म्हणाल?" अठ्ठावीस हात वर. साहेबांनी कौतुकानं मान डोलावली. आबासाहेबांनी एक उजवा हात उठवला. हात करणारी उभी राहिली ती पदर चावत. दुसरा उठवला, ती 'आय हाउस' म्हणून थांबली. आबासाहेबांच्या कपाळाला घाम फुटला. तिसरा उजवा हात फुलाबाईचा.

ती उठली. ओठ हलले, पण आवाज येईना. आबासाहेबांचा तोल सुटला. साहेब बसलेत याचंही भान राहिलं नाही. "येत नाही तर हात कशाला वर करतेस गं? मेंढरं हाकायची सोडून इथं कशाला मरायला आलीस?"

फुलाबाईनं दाराकडं पाहिलं. शिवणाचा वर्ग सोडून दाक्षायणीबाई तिथं येऊन उभ्या होत्या. एक शब्द बोलल्या असत्या तर पुरे होतं. बाई बोलल्या नाहीत. त्या वेळी त्यांना फक्त आबासाहेबांचा पडलेला चेहरा दिसत होता, आणि खरं सांगायचं तर त्यांच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

साहेबही कधीकाळचे मास्तरच. ते हसले आणि म्हणाले, "आता जरा डावे हात बघू." निंगव्वा उठली आणि घडाघडा तीन वाक्यं बोलली. तिच्यामागून दुसरी, तिसरी. साहेबांनी टाचणवही मागवली, अक्षर पाहिलं. हे आबासाहेबांचं अक्षर नव्हे, हे कुणालाही कळलं असतं. दारातल्या बाईंना त्यांनी आत बोलावलं आणि उरलेला पाठ त्यांच्याकडून घेतला. आबासाहेब मागच्या बाकावर बसून तो ऐकत होते. झकास जिरली!

महिन्याभरात बाईंच्या हाती कायम नेमणुकीचा कागद पडला. आबासाहेबांची बढती राहिली ती राहिलीच. पण फुलाबाई त्या दिवसापासून वर्गाला आली नव्हती. परीक्षेचे फॉर्म भरायची मुदत संपत आली तेव्हा बाई शोधत शोधत दवाखान्याच्या मागल्या अंगाला गेल्या. फुलाबाई चादरी पिळत होती.

"फुलाबाई, परवा शेवटची तारीख आहे. फॉर्म आणलाय मी. रोज तासभर तुझ्याजवळ बसेन, तुला पास करीन. माझं चुकलं गं."

फुलाबाईनं चादर दोरीवर टाकली, नीट ताणली.

"त्या मानसानं मेंढरं हाक म्हनलं, त्याचं काय न्हाय, बाई. आजवर लई जनांनी म्हनलंय. आमी मेंढरंच हाकत हुतो की. तुमच्या मनात काय हाय ते सांगितलं असतं, तरी म्या हात वर केला असता. तुमच्यासाटी." तिनं दुसरी चादर उचलली. "पर म्या तुमच्याकडं बघितलं. तुमी हसत हुता."

बाईंनी फॉर्म पुढं केला.

"नर्स न्हाय झाले तर न्हाय झाले. तुमच्या हातनं मात्र आता शिकायचं न्हाय मला. जावा तुमी. पाळी हाय माजी."

ती रिकामी बादली घेऊन आत गेली. बाई फॉर्म हातात धरून बराच वेळ त्या ओल्या चादरींपाशी उभ्या राहिल्या. पुढं त्यांनी तेवीस वर्षं नोकरी केली, पण फुलाबाई त्यांच्याशी पुन्हा एक शब्द बोलली नाही.