मागितली सही, मिळाली चादर

आमच्या टॉवेल-चादरींच्या कारखान्यातून वर्षभरात इतकी माणसं सोडून गेली की निरोपाच्या पेढ्यांची चवच गेली. तेव्हा मालकांनी पुण्याहून नेतृत्वाचे प्रशिक्षक बोलावले. विश्वास, सर्वसमावेशकता आणि माणसं टिकवणं असे तीन विषय फाटकावरच्या फलकावर झळकले. मी निर्यातीची कागदपत्रं बघतो. मोठे शब्द दिसले की माझा हात आपोआप खिशावर जातो.

हे गृहस्थ मात्र निराळे निघाले. पडद्यावरची चित्रं नाहीत, टाळ्यांचे खेळ नाहीत. त्यांनी खुर्ची ओढली आणि तपासणी विभागाच्या प्रमुख बाईंना सरळ विचारलं, "तुम्ही इथे राहावं यासाठी काय व्हायला हवं?"

या बाईंना सगळा कारखाना अक्का म्हणायचा. घरी तेलुगू, कामावर मराठी, राग आला की दोन्ही. दुसऱ्या एका कारखान्याने त्यांना बोलावणं पाठवलं होतं, आणि ते मालकांनाही ठाऊक होतं.

अक्का म्हणाल्या, "मी खराब माल अडवते. भाचेसाहेब संध्याकाळी तोच ट्रकमध्ये भरतात. परदेशातून तक्रार आली की सगळ्यांसमोर मलाच विचारतात, झोपा काढता का म्हणून. माझ्या सहीशिवाय माल जाऊ नये. बास. दुसरं काय नको."

भाचेसाहेब म्हणजे मालकांचे भाचे. माल रवाना करणं त्यांच्याकडे. ते मोबाइलमध्ये बघून हसत होते.

प्रशिक्षक मालकांना म्हणाले, "शेठ, एवढं एकच करा. त्यांच्या कामाची कदर आहे, हे त्यांना दिसू द्या."

आता आमच्या सोलापुरात कदर दाखवायची एकच रीत. पोरगं दहावी झालं, सत्कार. बदली झाली, सत्कार. बदली रद्द झाली, पुन्हा सत्कार. मालकांनी सहीचं ऐकलं की नाही, देव जाणे. मांडववाल्याला फोन मात्र त्याच दुपारी गेला.

मानपत्र माझ्या गळ्यात पडलं, कारण मी पुस्तकं वाचतो अशी माझी बदनामी आहे. मी शेवटी लिहिलं, 'यापुढे अक्कांच्या सहीशिवाय एकही गठ्ठा बाहेर जाणार नाही.' मालकांनी ते खोडलं.

"अहो, मानपत्रात असलं कामाचं कशाला घालता? शोभेल असं घाला की."

"त्यांनी मागितलं ते एवढंच आहे, शेठ."

"ते बघू नंतर." आणि त्या जागी त्यांनी स्वतःच्या हाताने 'मातृहृदयी' लिहिलं. अक्कांचा ओरडा खाल्लेल्या कुणालाही हा शब्द सुचला नसता.

कार्यक्रम झाला. मालक माइकवर म्हणाले, "आपण सगळे एक कुटुंब." भाचेसाहेबांनी अक्कांच्या हातात सत्काराची चादर ठेवली, फोटोसाठी थांबले. अक्कांची बोटं सवयीने काठावरून फिरली आणि एका जागी अडली. तिथे धागे सुटलेले होते. त्यांनी स्वतःच अडवलेल्या मालातली चादर होती ती. पडूनच आहे, मग विकत कशाला आणा, असा हिशेब कुणीतरी केला असणार.

तपासणीत खराब नगाची घडी अशी घालतात की दोष वर राहतो. अक्कांनी व्यासपीठावर, सगळ्यांदेखत, तशी घडी घातली आणि ती मालकांपुढच्या टेबलावर ठेवली. समोरच्या बायकांना लगेच कळलं. एक जण तेलुगूत काहीतरी पुटपुटली आणि अख्खी रांग हसली. मालकही हसले. त्यांना वाटलं, कार्यक्रम रंगला.

"दोन शब्द बोला की अक्का," भाचेसाहेब म्हणाले.

"बोलले होते की, त्या सरांसमोर," अक्का म्हणाल्या आणि खाली उतरल्या.

त्या महिनाअखेरीला गेल्या. मागोमाग त्यांच्या हाताखालच्या बायकाही एकेक करून गेल्या.

"एवढा मान दिला, तरी गेल्या!" मालक मला म्हणाले. "त्या प्रशिक्षकात काही दम नव्हता बघा."

मी गप्प बसलो नाही. म्हटलं, "शेठ, त्याने सांगितलेलं एक तरी केलं का आपण?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या घरात चपला घालून शिरलो होतो. शिकवणारा भोंदू निघाला असता तर मला इतकी चीड आली नसती. त्याची चेष्टा करून मोकळा झालो असतो. पण धड सल्ला मिळाला होता, तो फुकटात पाळता येत होता, आणि आम्ही त्याला हार घालून मारला.

तपासणी आता भाचेसाहेबच बघतात. एकही नग अडत नाही.