सुमन स्वतः बोलली तेव्हा

गेल्या सोमवारी आम्ही संभाजीनगरला गेलो होतो... माझ्या धाकट्या जावेला, सुमनला, डॉक्टरांना दाखवायला. ती आणि माझे दीर सेनगावजवळच्या खेड्यात राहतात, मी हिंगोलीत.

वर्षभर हेच चाललंय. पापणी खाली येते म्हणून डोळ्यांचे थेंब, भाकरी थापताना हात गळतात म्हणून सलाईन. कुणी लकवा म्हणालं, कुणी नुसता अशक्तपणा...

शेवटी नांदेडच्या एका फिजिशियननी सांगितलं, नसा आणि स्नायूंचा आजार वाटतो, न्यूरॉलॉजिस्ट हवा, त्यातही असेच आजार बघणारा. तो शोधण्यात कित्येक आठवडे गेले. एक सापडले, ते ठरल्या दिवशी आलेच नाहीत.

संभाजीनगरच्या डॉक्टर बाई माझ्या मुलीच्या वयाच्या. दिरांनी नेहमीप्रमाणे सुरुवात केली. आमच्याकडे दवाखान्यात बाईचं दुखणं नवराच सांगतो, बाई फक्त तपासायला हात पुढे करते.

"काका, पेशंट कोण?"

"ही."

"मग त्यांना बोलू द्या. ताई, सकाळी उठल्यापासून काय काय करता ते सांगा. थांबू नका."

सुमनने आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग बोलू लागली. झाडलोट, पाणी, गुरं... आवाज स्वच्छ होता. स्वयंपाकापर्यंत आली आणि आवाज नाकातून येऊ लागला, शब्द जड झाले, पापणी उतरली. जबडा सावरायला तिने हनुवटीखाली हात धरला.

"काहून लाजून राहिली? बोल ना बराबर!" दीर म्हणाले.

"लाजत नाहीत त्या," डॉक्टर म्हणाल्या. "मला हेच बघायचं होतं."

वापरले की स्नायू थकतात, हाच तो आजार. मायस्थेनिया ग्रेव्हिस. इतक्या डॉक्टरांपुढे ती बसली, पण सलग बोलली कुठेच नाही... मग दिसणार कसा?

घास अडकतो का, असं डॉक्टरांनी विचारलं. "न्हाई, जेवण बराबर आहे हिचं," दीर लगेच म्हणाले. सुमनने हातानेच सांगितलं... अडकतो. चहा नाकातून परत येतो. घरात ती सगळ्यांच्या मागून, एकटी जेवते. बघणार कोण?

त्याच दिवशी भरती केलं. पुढे श्वास कमी पडू लागला, नळी घालावी लागली. औषधं सुरू आहेत, पण किती सुधारेल हे आज कुणीच सांगत नाही.

"वेळेत आणलं ना मॅडम?" दिरांनी विचारलं.

"वेळेत नाही," त्या म्हणाल्या. "पण आणलंत."

त्यांनी सुमनला बोलायला लावलं, याबद्दल मी त्यांची आभारी आहे. आणि तुम्हाला एकच सांगते... घरातल्या बाईसोबत दवाखान्यात जरूर जा. तिच्या शेजारी बसा, आणि तोंड बंद ठेवा.